भासऱ्याआडची सून

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. वैनगंगेकाठच्या मार्कंड्याला कामावर आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तीन माणसांशी भांडले. खोलीच्या मालकाशी पाण्यावरून, श्रावण मिस्त्रीशी माझ्या खडूच्या खुणा पुसल्या म्हणून, आणि नदीवर नाव हाकणाऱ्या घनश्याम डोंगेवाल्याशी तो रोज सकाळी एकच प्रश्न विचारायचा म्हणून. पहिल्या दोघांशी अजूनही अधूनमधून वाजतं. तिसऱ्याचे उपकार मात्र या जन्मात फिटायचे नाहीत, आणि ते सांगायलाच लिहायला बसले आहे.

माझं काम दगड मोजायचं. जुन्या देवळाचा एखादा भाग खचला की तो दगड-दगड करून उतरवतात, प्रत्येकाला नंबर घालतात, आणि पाया धड करून पुन्हा जिथला तिथं चढवतात. कुठला दगड कुठं होता याची चित्रं आणि मापं माझ्याकडे. मी मूळची भद्रावतीची. वडील तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. लहानपणी ते सुट्टीच्या दिवशी मला विजासनच्या लेण्यात न्यायचे. अंधारात बसलेला बुद्ध मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढायची. तो नाद पुढे पोटाचा धंदा झाला. आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. तेव्हा मार्कंड्यात कोणी ना कोणी विचारायचंच, बाई, तुम्ही तर देव मानत नाही, मग इथं कशा? मी सांगायची, देव नसेल मानत, दगड कोरणारी टाकी मानते. ज्या हातांनी हे कोरलं त्या हातांची मी नोकर आहे. यावर माणसं गप्प बसायची, आणि मला तेच हवं असायचं.

घनश्याम गप्प बसला नाही. साठीचा माणूस, अंगाने काटक, उन्हाने करपलेला, डोक्याला कायम ओला दुपट्टा. आवाराच्या कुंपणापाशी उभा राहायचा आणि मी आत शिरले रे शिरले की विचारायचा, "बाई, सून कधी उभी होते?"

पहिले दोन दिवस मला वाटलं, याची सून आजारी आहे आणि हा मला नर्स समजतोय. तिसऱ्या दिवशी मी चिडून म्हटलं, तुमच्या सुनेचं मला काय माहीत. तेव्हा त्याने हात करून दाखवलं ते आवाराच्या मागच्या उंचवट्यावरचं लहानसं देऊळ, ज्याचं शिखर आमच्या माणसांनी मी येण्याआधीच उतरवून जमिनीवर मांडून ठेवलं होतं. ती सून. आणि तिच्या पुढचं, नदीकडचं, जरा दांडगं देऊळ, तो भासरा.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या भागात धाकटी सून त्याच्यासमोर येत नाही. तो अंगणात आला की ती पदर ओढून आडोशाला होते. आता शिकल्यासवरल्या पोरी हे फारसं पाळत नाहीत, पण गावात अजून दिसतं. मार्कंडदेवाच्या मोठ्या देवळाभोवती अशी लहानमोठी कितीतरी देवळं आहेत आणि पुस्तकात प्रत्येकाला काही ना काही नाव आहे. ही दोन नावं मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हती. ती फक्त डोंगेवाल्यांची होती.

हे कळल्यावर मला त्याचा आणखीच राग आला. मोठा महादेव सोडून हा माणूस कोपऱ्यातल्या देवळाच्या मागे का लागलाय, ते काही उमजेना. मग एका रविवारी त्याने मला डोंग्यात बसवलं. नदीच्या पलीकडे चंद्रपूर जिल्हा. तिथल्या काठावर नेऊन त्याने डोंगा वळवला आणि परत देवळांकडे निघाला. म्हणाला, आता समोर पाहा.

वैनगंगा तिथं दिसायला शांत आहे. पण अर्ध्याहून पुढे, पाण्याखाली हातभर, एक लांबोडका खडक आहे. त्याला रेडा म्हणतात. रेडा डाव्या हाताला, आणि उजव्या हाताला रेतीचा उंचवटा, त्यात डोंगा रुतला की दहा माणसं उतरून ढकलावा लागतो. दोघांच्या मधे वाट आहे ती दोन डोंग्यांच्या रुंदीची. पाणी गढूळ, खडक दिसत नाही, काठावर रोवलेली खूण पुरात टिकत नाही. मग घनश्यामच्या आज्यापणज्यांनी खूण धरली ती देवळांची. पलीकडून येताना सुनेचं टोक भासऱ्याच्या टोकाआड पूर्ण लपलं की डोंगा बरोबर वाटेवर. सून डावीकडून डोकावली की रेड्यावर जातोयस. उजवीकडून डोकावली की रेतीत. सुनेने मर्यादा पाळली की माणसं सुखरूप. इतकंच त्यांचं शास्त्र, आणि त्याच्यावर पिढ्यान् पिढ्या पलीकडची गावं मार्कंड्याच्या जत्रेला येत होती.

घनश्यामला ते त्याच्या बापाने, पोचूने, दहाव्या वर्षी शिकवलं. बाप त्याला डोंग्याच्या टोकाला बसवायचा आणि विचारत राहायचा, सून कुठी हाये? चुकलं की ओल्या बांबूचा फटका. पुढे घनश्यामने पन्नास वर्षं माणसं वाहिली. नवऱ्या वाहिल्या, बाळंतिणी वाहिल्या, बकऱ्या, सायकली, एकदा हुंड्यातला फ्रीज आडवा घालून नेला आणि वर नवरदेवाला बसवलं. उन्हाळ्यात तळ्यावर मासे धरायचा, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवणीला जायचा, बाकी वेळ नदी. बुडाला नाही, रुतला नाही. संध्याकाळी डोंगा बांधला की त्या दोन टोकांकडे पाहून हात जोडायचा. महादेव साऱ्या दुनियेचा आहे, म्हणायचा, हे दोघं तेवढे आमचे.

आणि आम्ही त्याची सून उतरवून ठेवली होती. दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत तो पुढे बायकोला, गोकुळाला, बांबू घेऊन उभं करायचा आणि ती तळ चाचपडत वाट सांगेल तशी तीन-चार माणसं कशीबशी न्यायचा. जत्रेच्या गर्दीत, भरल्या डोंग्याने, त्याने एकही फेरी केली नव्हती. खुणेवाचून भरला डोंगा हाकायचा नाही, असं बापाला वचन होतं.

या वचनाची सगळ्यांत जास्त झळ लागली होती ती त्याच्या सासूला. अंजनाबाई, गोकुळाची आई, पलीकडच्या गावात राहायची. ऐंशीच्या पुढची. लग्न होऊन आल्यापासून तिची एकही शिवरात्र मार्कंड्यावाचून गेली नव्हती, मागच्या दोन मात्र गेल्या. एसटीने पुलावरून वळसा घालून यायचं तर गाडी लागते, पोटातलं सगळं बाहेर येतं. चाचपडत न्यायचा डोंगा रुतला तर उतरून ढकलावा लागतो, ते तिला जमण्यासारखं नव्हतं. तिने जावयाला निरोप धाडला होता, एकदा देव दाखव, मग मी निवांत मरते. घनश्यामने कबूल केलं होतं, या शिवरात्रीला आणतो. म्हणून तो रोज कुंपणाशी.

त्या रविवारनंतर मी त्याच्यावर ओरडणं सोडलं. शिवरात्रीपर्यंत शिखर पुरं होणार नव्हतं, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. पण दगड चढवण्याआधी आम्ही देवळाचा मध्य काढून त्यावर एक उंच बांबू उभा करतो, टोकाला लाल कापड बांधतो. त्याच्याच रेषेत पुढे सगळे थर बसतात. शिखराचं टोक जिथं येणार, तिथंच ते कापड. हे ऐकून घनश्याम खाली टेकला. दुपट्ट्याने तोंड पुसत बसला.

शिवरात्रीला आठ दिवस होते तेव्हा बांबू उभा राहिला. मापं माझी, दोर श्रावण मिस्त्रीचा. त्या संध्याकाळी गोकुळा माझ्या खोलीवर झिंग्याची भाजी आणि तांदळाच्या भाकरी घेऊन आली. म्हणाली, सून आली बाई, आईला निरोप धाडला. मी चार भाकरी खाल्ल्या आणि स्वतःवर खूश होऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी घनश्याम कुंपणापाशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला चुकल्यासारखं झालं. दुपारी श्रावण मिस्त्री हसत हसत सांगत आला, तुमचा डोंगेवाला खडकावर गेला की. रिकामा डोंगा घेऊन नवराबायको रंगीत तालीम करायला निघाले होते, तो रेड्यावर घासला, बाजूची फळी उकलली, गोकुळा कमरेएवढ्या पाण्यात पडली. आता म्हातारबाबाला दिसत नाही, मिस्त्री म्हणाला, चष्मा लावून द्या. मजुरांनीही हसून घेतलं. मीही थोडी हसले, हे लपवून काय करू.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. डोंगा पालथा घातलेला होता. घनश्याम अंगणात बसून जाळं विणत होता. मला पाहून त्याने गोकुळाला चहा ठेवायला सांगितला आणि शांतपणे म्हणाला की डोंगा विकायला काढला आहे, तळ्यावरची मासेमारी तेवढी करीन. मी विचारलं, काय झालं ते नीट सांगा. तो सांगू लागला. वारा नव्हता. पाणी संथ होतं. सून भासऱ्याआड गेली, पुरी गेली, कापडाचा दोराही दिसत नव्हता. तसाच सरळ आला आणि रेड्याने धरलं.

"माझे डोळे गेले बाई," तो म्हणाला. "मले वाटलं का लपली, पण ती लपली नसन. देव काई खोटं बोलत नाई. खडक काई सरकत नाई. मंग राह्यलं कोण? मीच."

सासूला आणायचं वचन मोडलं, याचं दुःख त्याला होतंच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. हे डोळे घेऊन मी जत्रेत दहा माणसं बसवली असती तर, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. देवाने रिकाम्या डोंग्यात दाखवून दिलं, त्याचे उपकारच झाले. उपकार, म्हणे. फळी फुटली, धंदा गेला, गावभर हसं झालं, आणि हा माणूस आभार मानत बसला होता.

मी त्याच्या हातांकडे पाहत राहिले. दिवेलागण होत आली होती. अंगणात उजेड असा नव्हताच. आणि घनश्याम केसासारखा बारीक नायलॉनचा धागा जाळ्याच्या फाटलेल्या घरातून ओवत होता, गाठ मारत होता, पुढच्या घरात जात होता. एकदाही चुकला नाही. मी चहा तसाच ठेवला आणि उठले. डोळे गेलेल्या माणसाला हे जमत नाही. देव खरा, खडक खरा, याचे डोळेही खरे. मग राहिलं कोण?

सकाळी मजूर येण्याआधी मी सुनेपाशी गेले. माप पुन्हा घेतलं, तेच आलं. पुन्हा घेतलं, तेच. मग टेप बाजूला ठेवली आणि भिंतीला हात लावत फिरले. नदीकडून पाहिलं तर उजव्या हाताची जी भिंत, तिच्या खालच्या अंगाला एका ठिकाणी टिचकी मारली आणि आवाज पोकळ आला. पूर्वी केव्हातरी कोणीतरी भिंत ढासळू नये म्हणून बाहेरून विटांचा एक थर चढवून वर गिलावा केला होता, आणि गिलाव्यावर दगडाचा रंग. कामही बेमालूम. मी मध्य काढताना माप धरलं होतं ते त्या थराच्या बाहेरच्या अंगापासून. थर बारा बोटं जाड, म्हणजे माझा मध्य सहा बोटं उजवीकडे सरकलेला.

सहा बोटं म्हणजे काहीच नाही. जमिनीवर उभं राहून कोणालाही दिसलं नसतं. पण सून आणि भासऱ्यात तीस हातांचं अंतर, आणि भासऱ्यापासून रेडा तीनशे हात. इथं सहा बोटं उजवीकडे सरकली की तिथं वाट साठ बोटं डावीकडे, रेड्याच्या बाजूला सरकते. साठ बोटं म्हणजे अडीच हात. डोंग्याला रेड्यावर घालायला तेवढं पुरतं. घनश्याम माझ्या चुकीच्या रेषेवर केसभरही न हलता आला होता.

तिथंच पायरीवर बसले. खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो बांबू गुपचूप सरकवून टाकायचा. मजूर यायला अर्धा तास होता. कोणाला कळलं नसतं. शिखर नीट झालं असतं, माझं नाव नीट राहिलं असतं. आणि एका माणसाचे डोळे गेले, हे गावात कायम झालं असतं. मी मिस्त्रीची वाट पाहत बसले.

सगळे जमल्यावर सांगितलं. चूक माझी आहे, घनश्यामभाऊंची नजर ठीक आहे, आणि ते खडकावर गेले नसते तर आपण उद्या शिखराचे दगड तिरप्या रेषेत चढवायला लागलो असतो. श्रावण मिस्त्री दोन मिनिटं कुरकुरला, दोर पुन्हा ताणावे लागणार म्हणून. मग तोच चप्पल घालून घनश्यामला बोलवायला गेला. तेवढ्यासाठी मी त्याला पुढची दोन भांडणं माफ केली.

घनश्याम आला, पण ऐकेना. मी बांबू सरकवते म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. "माझ्या डोळ्यासाठी देव नका सरकवू बाई," तो म्हणाला. "मले बरं वाटावं म्हणून तुमी खोटं करून राह्यल्या. असं नाई करत."

आता या माणसाला काय करावं? मी त्याचा हात धरला आणि सुनेच्या भिंतीपाशी नेलं. पन्नास वर्षं जिच्यावर डोळे लावले तिच्याजवळ तो कधी आलाच नव्हता. काठावरूनच हात जोडायचे, ही त्याची पद्धत. चप्पल बाहेर काढून तो अंग चोरून उभा राहिला. मिस्त्रीने गिलाव्याचा एक तुकडा उचकटला, दोन विटा काढल्या. मी म्हटलं, घाला हात. घनश्यामने हात घातला. विटांच्या मागे खरी भिंत होती. बोटांनी तो चाचपडत राहिला आणि थांबला. आत कोरलेली वेल होती, टाकीची धार अजून जशीच्या तशी. त्याने दुसऱ्या हाताची बोटं विटांच्या जाडीला लावून मोजली. बारा. पुन्हा मोजली.

मग तो भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. मिस्त्रीसकट सगळे जरा लांब सरकले. मी मात्र तिथंच होते, म्हणून त्याचं बोलणं मला ऐकू आलं. तो देवाला म्हणाला, तुम्ही चुकले नाई, मी बी चुकलो नाई, लई उपकार झाले.

माझ्याबद्दल तो काहीच बोलला नाही. नंतरही कधी नाही. गावात कोणी विचारलं की सांगायचा, त्या दिवशी विटांनी घोळ केला. बाईंनी नाही, विटांनी.

बांबू त्याच दिवशी सहा बोटं सरकवून खऱ्या मध्यावर आणला. शिवरात्रीला फळीला पत्रा ठोकून, डांबर लावून डोंगा उभा होता. सकाळी मी स्वतः मागे लागून पलीकडे गेले. त्याआधी त्याने रिकाम्या डोंग्याने तीन फेऱ्या मारून पाहिल्या होत्या. वाळूत पन्नासेक माणसं बसलेली, पुढे खुर्चीवर अंजनाबाई. नातवंडांनी तिला खुर्चीसकट उचलून डोंग्यात ठेवलं. बाकी आठ बायका, गोकुळा आणि मी. घनश्यामने मला टोकाला बसवलं, जिथं त्याला बापाने बसवलं होतं. गोकुळाच्या हातात या वेळी बांबू नव्हता.

अर्ध्या नदीपर्यंत बायकांच्या गप्पा चालू होत्या. मग मागून त्याचा आवाज आला, "सून कुठी हाये?"

मी समोर पाहिलं. लाल कापड डावीकडे दिसत होतं. डावीकडून डोकावतेय, मी म्हटलं. डोंगा हळूच उजवीकडे वळला. कापड भासऱ्याकडे सरकत गेलं, त्याच्या टोकाला टेकलं, अर्धं झालं, आणि गेलं. लपली, मी म्हटलं. आणि मागे वळून पाहिलं तर अंजनाबाईने स्वतःचा पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता. तिच्या मागच्या आठही जणींनी ओढला. कोणी सांगितलं नाही, कोणी हसलं नाही. त्या वाटेवरून जाताना तसंच करतात, गोकुळा हळूच म्हणाली, तीही पदर घेतच होती. मी ओढणी घेतली नव्हती. रुमाल होता, तो डोक्यावर धरला.

आतापर्यंत काढलेली माझी सगळी चित्रं कपाटात जातात. ती बरोबर आहेत की चूक, हे कपाटाला कळत नाही. त्या दिवशी माझ्या एका रेषेवर अकरा बायका बसल्या होत्या, त्यातली एक मी.

रेडा जवळ आला तेव्हा घनश्यामने डोंगा थांबवल्यासारखा केला. हातातला बांबू डाव्या बाजूला, हात पुरतो तेवढा लांब नेला आणि पाण्यात टोचला. खाली खडकाचा टक असा आवाज आला. जिथं असायला हवा तिथंच.

"हाये जाग्यावर," तो म्हणाला.

अंजनाबाईला ऐकू कमी येतं. तिने पदराआडून विचारलं, "काय हाये जाग्यावर?"

घनश्यामने समोरच्या टोकाकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग ओल्या दुपट्ट्याने आपले दोन्ही डोळे पुसले.

"सारंच, आई," तो म्हणाला, आणि डोंगा पुढे घातला.